दोन विमानतळ आणि अठ्ठावीस तास

कोल्हापूरजवळचे उजळाईवाडी आणि गोंदियाजवळचे बिरसी हे महाराष्ट्राच्या दोन टोकांचे दोन प्रादेशिक विमानतळ. एक पंचगंगेच्या खोऱ्यात, दुसरा वैनगंगेच्या. त्यांच्यातील सरळ अंतर सुमारे ८३० किलोमीटर भरते. आखूड पल्ल्यावर वापरले जाणारे पंख्यांचे एटीआर विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने उडते. त्या हिशेबाने हे अंतर एक तास चाळीस मिनिटांचे आहे. याच दोन गावांना जोडणारी महाराष्ट्र एक्सप्रेस मात्र सुमारे साडेतेराशे किलोमीटर धावते आणि तिला सत्तावीस-अठ्ठावीस तास लागतात. या दोन आकड्यांमधील तफावत ही केवळ विमान आणि आगगाडी यांच्या वेगातील तफावत नाही. तीत आपल्या राज्याच्या प्रादेशिक विकासाचा एक मोठा आणि आजवर फारसा न मोजलेला प्रश्न दडलेला आहे.

‘मग ही दोन गावे थेट विमानाने जोडा’ असे म्हणणे सोपे आहे, आणि ‘विमान ही श्रीमंतांची चैन आहे’ असे म्हणून प्रश्न झटकून टाकणे त्याहूनही सोपे आहे. दोन्ही उत्तरे घाईची आहेत. प्रथम अंतर म्हणजे काय आणि वेळ म्हणजे काय, याचा नीट विचार केला पाहिजे.

उड्डाणाचा वेळ कसा बनतो

अंतराला वेगाने भागले की वेळ मिळतो, हे आपण शाळेत शिकलो. विमानाच्या बाबतीत हे गणित अपुरे पडते. विमान जागेवरून हलते, धावपट्टीपर्यंत सरपटत जाते, उड्डाण करते, उंची गाठते, ठरलेल्या हवाई मार्गाने जाते, पुन्हा खाली उतरते आणि थांब्यावर येऊन उभे राहते. वेळापत्रकात छापलेला वेळ हा जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतचा असतो. पूर्ण वेगाने उडण्याखेरीज जी पंधरा-वीस-पंचवीस मिनिटे या सर्व क्रियांत जातात, ती अंतर दोनशे किलोमीटर असो वा दोन हजार, जवळजवळ तेवढीच असतात. म्हणून कोल्हापूर–गोंदिया हे थेट उड्डाण प्रत्यक्षात एक तास चाळीस मिनिटांचे न राहता दोन तासांच्या आसपास जाईल.

या स्थिर वेळेचा एक परिणाम सामान्यतः ध्यानात येत नाही. पल्ला जितका आखूड, तितका विमानाच्या वेगाचा उपयोग कमी. मुंबई–कोल्हापूर हे सरळ अंतर सुमारे ३०८ किलोमीटर आहे. पंख्याचे विमान ते ३७ मिनिटांत कापते, तर ताशी ८०० किलोमीटर वेगाचे जेट विमान २३ मिनिटांत. म्हणजे दुपटीहून अधिक आसनांचे, कितीतरी महागडे विमान आणूनही प्रवाशाची बचत होते ती चौदा मिनिटांची. लहान विमानतळांसाठी जेट विमानांचा आग्रह धरणाऱ्या लोकप्रतिनिधींनी हा साधा हिशेब मांडून पाहावा.

त्यापुढचा हिशेब प्रवाशाचा. प्रवासी धावपट्टीवर राहत नाही. त्याने घरून निघायचे, विमानतळ गाठायचा, तासभर आधी हजर व्हायचे, तपासणी करून घ्यायची, उतरल्यावर सामानाची वाट पाहायची आणि पुन्हा गावात जायचे. दोन तासांच्या उड्डाणासाठी घरापासून घरापर्यंत पाच तास सहज जातात. गोंदियाच्या पलीकडे देवरी किंवा सालेकसा तालुक्यात जावयाचे असेल तर आणखी अधिक. अर्थशास्त्रात प्रवासाची खरी किंमत म्हणजे तिकिटाचे पैसे आणि घरापासून घरापर्यंत गेलेल्या वेळेचे मोल यांची बेरीज होय. या बेरजेत अनिश्चितताही मिळवावी लागते. आठवड्यातून तीनच दिवस जाणारे आणि पावसाळी ढगांमुळे ऐनवेळी रद्द होणारे विमान कागदावर कितीही जलद असले, तरी परीक्षेला वा मुलाखतीला निघालेल्या विद्यार्थ्याच्या ते कामाचे नसते. ज्या साधनावर भरवसा ठेवता येत नाही, त्याच्या पुढेमागे एकेक दिवस राखून ठेवावा लागतो आणि वाचवलेले तास तेथेच खर्ची पडतात.

मुंबईपासून आणि कोल्हापूरपासून

आता अंतराकडे वळू. मुंबई आणि गोंदिया या विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे ८२० किलोमीटर आहे. कोल्हापूर–गोंदिया ८३०. म्हणजे पक्ष्याच्या दृष्टीने गोंदिया या दोन्ही शहरांपासून जवळजवळ सारखेच दूर आहे. रुळांच्या दृष्टीने मात्र तसे नाही. मुंबईहून गोंदियाला जाणारी विदर्भ एक्सप्रेस सुमारे ९६७ किलोमीटर धावते आणि पंधरा-सोळा तासांत पोचते. सायंकाळी मुंबईत बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत गोंदियात असतो. कोल्हापूरच्या माणसाला त्याच सरळ अंतरासाठी पूर्ण दिवस, पूर्ण रात्र आणि वर आणखी काही तास गाडीत काढावे लागतात.

रुळाच्या अंतराला सरळ अंतराने भागले म्हणजे वळशाचे प्रमाण मिळते. मुंबई–गोंदिया या जोडीसाठी ते १.१८ आहे, कोल्हापूर–गोंदियासाठी १.६२. पहिल्या प्रवाशाला शंभर किलोमीटरमागे अठरा किलोमीटरचा वळसा पडतो, दुसऱ्याला बासष्टचा. शिवाय दुसऱ्याची गाडी सरासरी वेगातही मागे आहे. पहिली ताशी साठच्या आसपास जाते, दुसरी पन्नासही गाठत नाही.

हा वळसा निसर्गाने घातलेला नाही. कोल्हापूरहून गोंदियाकडे निघालेली गाडी मिरज, सातारा, पुणे, दौंड, अहिल्यानगर अशी उत्तरेला मनमाडपर्यंत जाते आणि तेथून मुंबई–नागपूर मार्गाला लागून जळगाव, अकोला, वर्धा, नागपूर करीत पूर्वेला वळते. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू तिला चालाव्या लागतात; कर्ण तिच्या वाट्याला येत नाही. याचे कारण इतिहासात आहे. मुंबई–नागपूर लोहमार्ग १८६७ साली पुरा झाला. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरात आणणे हे त्याचे एक प्रमुख उद्दिष्ट होते. कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ साली, संस्थानच्या पुढाकाराने, मिरजेच्या मार्गाला जोडण्यासाठी. मधला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि तेथील मार्गांची तोंडे साहजिकच हैदराबादकडे होती. तीन राजवटींनी आपापल्या सोयीने तीन जाळी विणली. १९६० साली त्यांचे एक राज्य झाले. जाळी मात्र एक झाली नाहीत. माल आणि माणसे बंदराकडे किंवा राजधानीकडे नेणारे मार्ग तेवढे मिळाले. राज्याच्या एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाला कसा जाईल, हा प्रश्न ते मार्ग आखणाऱ्यांपुढे नव्हताच.

विमानांनीही तोच कित्ता गिरवला. वास्तविक आकाशात रूळ नसतात. तेथे घाट नाहीत, पूल बांधावे लागत नाहीत, कोणाची जमीन संपादन करावी लागत नाही. तरीही विमानांचे नकाशे पाहिले तर रेषा महानगरांकडेच धावताना दिसतात. उजळाईवाडीचा विमानतळ १९३९ साली राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत सुरू झाला. बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील. दोन्ही महाराष्ट्र राज्याहून वयाने मोठ्या. पण या दोघांमध्ये थेट नियमित विमानसेवा आजवर झालेली नाही. बिरसीला पुढे वैमानिकांचे प्रशिक्षण सुरू झाले; सामान्य प्रवाशांसाठी मात्र नियमित विमान आले ते २०२२ च्या मार्च महिन्यात, इंदूर आणि हैदराबादसाठी. काही महिन्यांतच ते बंद पडले. १ डिसेंबर २०२३ रोजी पुन्हा सेवा सुरू झाली, ती हैदराबाद आणि तिरुपतीसाठी. कोल्हापुरातूनही हैदराबादला विमाने गेली आहेत. परिणामी, वेळा जुळल्याच तर, कोल्हापूरचा मराठी माणूस विमानाने गोंदियाला जाणार तो तेलंगणाच्या राजधानीवरून. अंतराचा विचार करता हा वळसा मोठा नाही. सरळ ८३० च्या जागी साडेनऊशेच्या आसपास किलोमीटर होतात. पण दुसऱ्या विमानाची वाट पाहण्यात जाणारे तास त्या वेगाचे बरेचसे श्रेय खाऊन टाकतात.

धावपट्टी म्हणजे विमानसेवा नव्हे

थेट विमान का नाही, याचे उत्तर विमान कंपन्यांच्या अनास्थेत शोधण्याची रीत आहे. ते अन्यायाचे होईल. सत्तर आसनांचे विमान रोज एक फेरी करू लागले, तर आठवड्याला प्रत्येक दिशेने ४९० आसने भरावी लागतात. कोल्हापूर आणि गोंदिया यांच्यात थेट संबंध असलेली, आणि विमानाचे भाडे देऊ शकणारी, एवढी माणसे दर आठवड्याला निघतात काय? आज तरी निघत नाहीत, असेच प्रामाणिक उत्तर द्यावे लागेल. येथे एक दुष्टचक्र आहे. प्रवास अवघड म्हणून संबंध कमी. संबंध कमी म्हणून प्रवासी कमी. प्रवासी कमी म्हणून सेवा नाही. आणि सेवा नाही म्हणून प्रवास अवघड. बाजारपेठ स्वतःहून हे चक्र तोडीत नाही. तेथे शासनाने हात घालावा लागतो.

शासनाने हात घातला नाही असेही नाही. १९८१ साली लहान गावांसाठी ‘वायुदूत’ ही सार्वजनिक क्षेत्रातील सेवा सुरू झाली. तोट्याच्या ओझ्याखाली ती १९९३ साली इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करावी लागली. त्यानंतर २०१६ साली ‘उडान’ ही योजना आली. तिची घडण विचारपूर्वक केलेली होती. सुमारे तासाभराच्या उड्डाणाला अडीच हजार रुपयांच्या आसपास भाड्याची मर्यादा. ती ठरावीक आसनांना लागू. त्यामुळे येणारी तूट तीन वर्षांपर्यंत अनुदानाने भरून द्यायची. अनुदानाचा मोठा भाग प्रमुख मार्गांवरील उड्डाणांवर आकार बसवून उभ्या केलेल्या निधीतून आणि सर्वसाधारणपणे वीस टक्के वाटा राज्याने द्यायचा. इंधनावरील राज्याचा विक्रीकर एक टक्क्यावर आणायचा. २७ एप्रिल २०१७ रोजी या योजनेचा प्रारंभ झाला तेव्हा पहिल्या मार्गांत नांदेड–हैदराबाद हा मार्ग होता, ही आपल्या दृष्टीने अभिमानाची बाब.

परंतु फलित काय? भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा २०२३ साली संसदेत मांडलेला अहवाल याविषयी स्पष्ट बोलतो. योजनेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत ७७४ मार्ग देण्यात आले होते. त्यांपैकी ४०३ मार्गांवर विमान सुरूच झाले नाही. जे ३७१ सुरू झाले, त्यांपैकी अवघ्या ११२ मार्गांनी तीन वर्षांची सवलतीची मुदत पुरी केली. आणि मार्च २०२३ पर्यंत, मुदतीनंतरही तग धरून राहिलेले मार्ग होते केवळ ५४. शंभर मार्गांमागे सात. शंभर विद्यार्थ्यांपैकी सात उत्तीर्ण होत असतील, तर दोष एकट्या विद्यार्थ्यांना देता येत नाही. अभ्यासक्रम आणि परीक्षापद्धती दोन्ही तपासावी लागतात.

या अपयशाचे एक कारण असे की आपण धावपट्टी आणि विमानसेवा यांत गल्लत करतो. धावपट्टी ही वास्तू आहे; ती एकदा बांधून उद्घाटन करता येते. सेवा हा प्रवाह आहे. तो रोज चालू ठेवावा लागतो. शाळेची इमारत उभी राहिली म्हणजे शिक्षण सुरू झाले असे नव्हे. शिक्षक रोज वर्गावर यावा लागतो. २००९ साली नांदेड, लातूर, यवतमाळ, बारामती आणि तेव्हाचे उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, या पाच ठिकाणचे विमानतळ ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका खाजगी कंपनीकडे सोपविण्यात आले. पट्ट्याची मुदत शतकाची. विमानांची शाश्वती महिन्याचीही नाही. ज्या अमेरिकेच्या खुल्या बाजाराचे दाखले आपण सदैव देतो, तेथेही १९७८ साली विमानवाहतूक नियंत्रणमुक्त करताना लहान गावांच्या सेवेसाठी अनुदानाची वेगळी तरतूद करावी लागली आणि ती तीन वर्षांत संपविता आली नाही. विरळ वस्तीचे मार्ग तीन वर्षांत स्वतःच्या पायांवर उभे राहतील, ही अपेक्षाच मुळात भाबडी होती.

रेषेवरचे नांदेड

मग कोल्हापूर–गोंदिया या जोडीचे काय करावे? नकाशाच याचे एक उत्तर सुचवितो. कोल्हापूर ते नांदेड हे सरळ अंतर सुमारे ४२५ किलोमीटर, आणि नांदेड ते गोंदिया सुमारे ४०५. दोहोंची बेरीज ८३०. म्हणजे नांदेड या रेषेच्या जवळजवळ मध्यावर आणि जवळजवळ नेमके रेषेवर आहे. तेथे विमान थांबविल्याने वळसा असा पडतच नाही. उतरण्या-चढण्याचा वेळ तेवढा वाढतो. प्रत्येक टप्पा सव्वा तासाच्या आतला, मध्ये अर्ध्या तासाचा थांबा, असे धरले तर कोल्हापूरहून निघालेला माणूस तीन तासांच्या आत गोंदियाला पोचेल.

या थांब्याचे खरे महत्त्व अर्थशास्त्रीय आहे. थेट विमानाला एकाच जोडीचे प्रवासी मिळतात. थांबा घेणाऱ्या विमानाला तीन जोड्यांचे मिळतात: कोल्हापूर–नांदेड, नांदेड–गोंदिया आणि कोल्हापूर–गोंदिया. एकच आसन पहिल्या टप्प्यात एकाला आणि दुसऱ्यात दुसऱ्याला विकता येते. आपल्या एस. टी.ची लांब पल्ल्याची गाडी याच तत्त्वावर चालते. पहिल्या थांब्यापासून शेवटच्यापर्यंत बसून राहणारे प्रवासी थोडेच असतात, तरी गाडी भरलेली असते. ‘उडान’च्या मूळ आराखड्यात २०० ते ८०० किलोमीटरचे मार्ग बसत होते, ८३० किलोमीटरची थेट जोडी त्या चौकटीबाहेर राहिली असती, पण तिचे दोन्ही टुकडे आत बसले असते. पुढे २०२३ साली अंतराचे हे बंधन सैल करण्यात आले. तेव्हा नियमांची अडचण आता सांगता येणार नाही.

नांदेड हे केवळ सोयीचे ठिकाण नाही. ते मराठवाड्याचे एक मोठे केंद्र आहे, शीख बांधवांचे तीर्थक्षेत्र आहे आणि पंचक्रोशीतील विद्यार्थ्यांचे शिक्षणाचे गाव आहे. मराठवाड्याला हैदराबादशी जोडणारे विमान प्रथम मिळाले हे ठीकच झाले. परंतु कोल्हापूरशी आणि पूर्व विदर्भाशी त्याला जोडणे हे राज्याच्या एकात्मतेचे काम आहे. ते करावयाचे असेल तर शासनाने निविदा एका जोडीची न काढता पूर्ण रेषेची काढावी, अनुदानाची मुदत निदान सात-आठ वर्षांची ठेवून ते पायरीपायरीने कमी करावे, आणि रिकाम्या आसनांपेक्षा वेळेवर पोचलेल्या फेऱ्यांना ते बांधून द्यावे. आठवड्यातून चारच फेऱ्या असोत, पण त्या ठरल्या वारी, ठरल्या वेळी, बाराही महिने व्हाव्यात.

आगगाडीचा हक्क पहिला

येथे एक रास्त आक्षेप येतो. दोन टप्प्यांचे सवलतीचे भाडेसुद्धा चार-पाच हजारांच्या घरात जाणार. किती शिक्षक, किती कारकून आणि किती विद्यार्थी ते देऊ शकतील? सार्वजनिक पैसा मूठभरांच्या प्रवासावर का खर्चावा? हा आक्षेप खोडून काढण्याचे कारण नाही. तो मान्यच करावा. विमानाची सेवा तातडीच्या कामांसाठी, आजारपणासाठी, व्यापारासाठी हवी. बहुसंख्य लोकांचा प्रवास जमिनीवरूनच होणार. म्हणूनच विमानाच्या सरळ रेषेचा मोठा उपयोग निराळाच आहे. ती आपल्याला मोजपट्टी म्हणून हवी. जमिनीवरचा मार्ग त्या रेषेपासून किती ढळला आहे, हे तीच सांगते.

त्या मोजपट्टीने पाहिले तर वर्धा–यवतमाळ–नांदेड या २८४ किलोमीटरच्या लोहमार्गाचे महत्त्व कळते. कर्णाचा जो भाग आज कोरा आहे, त्यातला मोठा तुकडा हा मार्ग भरून काढणार आहे. कित्येक वर्षे कागदावर आणि मातीकामात अडकलेल्या या प्रकल्पाचा वर्धा–कळंब हा पहिला तुकडा २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. राहिलेला मार्ग पुरा होऊन नांदेड, लातूर, कुर्डुवाडी, मिरज या रुळांशी त्याची सांगड घालून जलद गाडी धावू लागली, तर मनमाडचा वळसा टळेल आणि अठ्ठावीस तासांतील कितीतरी तास वाचतील. याच तिरक्या पट्ट्यातून नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्ग आखण्यात आला आणि सुपीक जमिनी जाण्याच्या भीतीने कोल्हापूर जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी त्याला कडवा विरोध केला. रस्त्याच्या त्या वादात आज शिरण्याचे कारण नाही. पण नवा महामार्ग आखण्याआधी अर्धवट राहिलेला लोहमार्ग पुरा करणे अधिक स्वस्त आणि अधिक जणांच्या उपयोगाचे नाही काय, असा प्रश्न विचारण्याचा अधिकार करदात्याला आहे.

आणखी एक मार्ग आहे आणि तो सर्वांत स्वस्त आहे. प्रवास जलद करण्यापेक्षा प्रवासाची गरजच कमी करणे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ कोल्हापुरात काम करू लागले. त्यामुळे सहा जिल्ह्यांतील पक्षकारांची मुंबईची वारी कमी झाली. एकही नवी गाडी न सोडता, एकही धावपट्टी न बांधता हजारो माणसांचे तास वाचविण्याचा हा उपाय आहे. विभागीय परीक्षा, मुलाखती, कागदपत्रांची पडताळणी, सेवापुस्तकांची कामे यांसाठी दूरच्या जिल्ह्यांतील माणसांना मुंबई-पुण्याला बोलाविणारी जी कार्यालये आहेत, त्यांनी आपली दारे जिल्ह्याच्या गावी उघडली तर प्रवाशाचा कितीतरी वेळ आणि पैसा वाचेल.

वेळेचा अनुशेष

१९८३ साली राज्य शासनाने प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाच्या अभ्यासासाठी समिती नेमली. १९८४ साली तिने अहवाल दिला आणि ‘अनुशेष’ हा शब्द मराठी माणसाच्या नित्याच्या बोलण्यात आला. सिंचन, रस्ते, वीज अशा क्षेत्रांत राज्याच्या सरासरीच्या तुलनेत कोणता जिल्हा किती मागे आहे, हे समितीने मोजले आणि त्याची किंमत ३,१८६ कोटी रुपये काढली. त्या अहवालाच्या पद्धतीविषयी पुढे पुष्कळ वाद झाले. परंतु त्याची एक थोरवी कोणी नाकारणार नाही: त्याने तक्रारीला आकड्याचे रूप दिले, आणि आकड्याला शासनाला उत्तर द्यावे लागते.

रस्त्याची लांबी मोजली गेली. पण रस्त्यावर जाणारा वेळ मोजला गेला नाही. गोंदियाच्या शाळेत रुजू झालेल्या कोल्हापूरच्या शिक्षकाला वर्षाकाठी मोजकीच किरकोळ रजा मिळते. आई आजारी पडली म्हणून तो एकदा घरी गेला, तर जाण्यायेण्यातच दोनाहून अधिक दिवस संपतात. दोनदा गेला की रजेचा मोठा भाग गाडीच्या बाकावर खर्च होतो. मुंबईच्या त्याच्या सहकाऱ्याला तेवढ्याच सरळ अंतरासाठी दोन रात्री पुरतात. त्याच्या कामाचे दिवस बुडतही नाहीत. दोघांचे वेतन सारखे, रजा सारखी, घराचे अंतर सारखे. तरी एकाचे घर जवळ आहे आणि दुसऱ्याचे दूर. हा फरक कोणत्याही वेतन आयोगाच्या तक्त्यात दिसत नाही, पण तो भोगावा लागतो. मग कोल्हापूरचा उमेदवार गोंदियाची नेमणूक टाळतो, गोंदियाचा विद्यार्थी शिवाजी विद्यापीठाचा विचार करीत नाही, आणि गोंदियाचा तांदूळ गिरणीवाला कोल्हापूरच्या कारखानदाराऐवजी रायपूरची वाट धरतो. एकाच राज्याचे नागरिक एकमेकांना केवळ नकाशावर ओळखू लागतात.

म्हणून मागणी अशी की राज्य शासनाने वेळेचा अनुशेष मोजावा. महाराष्ट्रात ३६ जिल्हे आहेत. त्यांच्या ६३० जोड्या होतात. प्रत्येक जोडीसाठी सरळ अंतर, प्रत्यक्ष मार्गाचे अंतर, सार्वजनिक वाहनाने घरापासून घरापर्यंत लागणारे तास, आठवड्यातील फेऱ्या आणि दर तासाला पडणारा खर्च, असा एक तक्ता दरवर्षी आर्थिक पाहणी अहवालासोबत विधिमंडळात ठेवावा. हे काम अवघड नाही. एखाद्या विद्यापीठाचे विद्यार्थी ते सहा महिन्यांत करू शकतील. वळशाचे प्रमाण कोठे सर्वाधिक आहे हे त्यातून उघड होईल. मग कोठे आगगाडी द्यावयाची, कोठे एस. टी.ची रातराणी पुरेल, कोठे कार्यालयच हलवावयाचे आणि कोठे खरोखरच विमान हवे, हे पुढाऱ्याच्या वजनावर न ठरता आकड्यांवर ठरेल.

विमानतळांच्या उद्घाटनांची बातमी पहिल्या पानावर येते आणि बंद पडलेल्या सेवेची आतल्या पानावर एका परिच्छेदात उरकली जाते. हा क्रम बदलावयाचा असेल तर नागरिकांनी विचारण्याचा प्रश्न बदलला पाहिजे. आमच्या जिल्ह्याला विमानतळ केव्हा, हे विचारणे पुरे झाले. आमच्या गावाहून राज्याच्या दुसऱ्या टोकाला जाण्यास किती तास लागतात, पाच वर्षांपूर्वी किती लागत होते, आणि पाच वर्षांनी किती लागतील, हे आमदाराला आणि खासदाराला विचारावे. कोल्हापूर आणि गोंदिया यांच्यातील ८३० किलोमीटर कोणी कमी करू शकत नाही. अठ्ठावीस तास मात्र माणसांच्या निर्णयांनी झाले आहेत, आणि माणसांच्याच निर्णयांनी ते कमी होतील.